ती काखमांजरी नव्हती

द्राक्षबागेत थिनिंग करताना दोन्ही हात डोक्याच्या वर धरावे लागतात. घड मांडवाखाली लोंबत असतात आणि सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत माणूस मान वर, हात वर करून कात्रीनं मणी काढत एकेक वेल पुढे सरकतो. २०११ च्या डिसेंबरात, नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारातल्या आमच्या बागेत हेच काम चालू असताना माझ्या डाव्या काखेत पहिली गाठ आली. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. आईनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "काखमांजरी आहे. पोटीस बांधते." जवसाचं पोटीस तीन रात्री बांधलं, चौथ्या दिवशी ती फुटली, पू आला, ठणका गेला. आजी तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "एक गेली की मागं पिल्लू सोडून जाते बघ."

आजीचं म्हणणं खरं ठरलं. फक्त ती काखमांजरी नव्हती. ते कळायला मला अकरा वर्षं लागली. ही अकरा वर्षं कुणाची वाया जाऊ नयेत म्हणून मी हे लिहितोय. आडपडदा न ठेवता लिहितोय, कारण हा रोग काखेत आणि जांघेत होतो आणि माणूस त्याबद्दल बोलत नाही, म्हणूनच तो वाढतो.

पहिली दोन-तीन वर्षं वर्षातून दोनदा यायचं. मग उजव्या काखेत सुरू झालं, मग जांघेत. एक बसेपर्यंत दुसरं डोकं वर काढायचं. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून ब्लोअर मारताना जांघेतली गाठ अशी घासायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला तर मोटारसायकलवर रविवार कारंजापर्यंत जाणंही नको व्हायचं. घरातल्यांनी आपापल्या परीनं उपाय केले. अंगात उष्णता आहे म्हणून सब्जा, गुलकंद, वाळ्याचं पाणी. रक्त बिघडलंय म्हणून कडुलिंबाचा रस. कुणी म्हणालं दृष्ट आहे. कुणी, आणि हे मात्र फार लागलं, म्हणालं की आंघोळ नीट करत जा. मी दिवसातून तीनदा आंघोळ करत होतो. जंतुनाशक साबणानं चोळून चोळून कातडी सोलवटून घेत होतो.

डॉक्टरांकडे गेलो नाही असं नाही. पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी, फुगलं की चीर, गॉझ भरून ड्रेसिंग, आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं. अकरा वर्षांत सात वेळा चीर दिली. शुगर तपासली, ती वरच्या काठावर निघाली, तेव्हा सगळ्यांना कारण सापडल्याचं समाधान झालं. पण प्रत्येक वेळी त्या एका गळवावर उपचार झाला. गळवं का येतात, हे कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. बागेत पानावर डाग दिसला तर तो डाऊनीचा की भुरीचा हे ठरवल्याशिवाय मी औषध कालवत नाही. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र अकरा वर्षं ओळख न पटवता फवारणी करत राहिलो.

शेवटी वाट दाखवली ती एका ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं. २०२२ च्या जुलैमध्ये सातव्या चिरेनंतर गॉझ बदलताना तिनं सहज दाबलं तर पू कापलेल्या जागेतून न येता दोन इंच लांबच्या एका जुन्या व्रणातून आला. ती थांबली. म्हणाली, "भाऊ, हे आतून जोडलेलं आहे. तुम्ही कातडीच्या डॉक्टरांना दाखवलंय का कधी?" नव्हतं दाखवलं. माझ्या समजुतीप्रमाणे कातडीचे डॉक्टर गजकर्ण आणि मुरुमांसाठी. गंगापूर रोडवरचा तो दवाखाना माझ्या घरापासून सहा किलोमीटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी झाली, आणि ती आठवली की मला अजून वाईट वाटतं.

तिथल्या कातडीच्या डॉक्टर मॅडमनी शर्ट काढायला सांगितला. दोन्ही काखा, जांघा, पाठ, मान, सगळं पाहिलं. जुन्या व्रणांजवळ बारीक काळे दाणे होते, एकाला दोन-दोन तोंडं असलेले. मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. त्यांनी भिंगातून पाहिले आणि बोटानं दाखवत म्हणाल्या, "ही याची खूण." मग तीन प्रश्न विचारले. सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा येतं का? त्याच त्या जागी येतं का? बरं झाल्यावर दोरीसारखा व्रण राहतो का? तिन्हींना हो म्हणालो. "याला हायड्रॅडिनायटिस सपरेटिव्हा म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, तुकडा काढून पाठवायचीही सहसा गरज नाही. नजरेनं आणि प्रश्नांनी ओळखायचा रोग. पाच मिनिटं लागली.

मी विचारलं, जंतू कुठून येतात? त्यांनी उलट विचारलं, "तुमच्याकडे ठिबक आहे ना?" आहे म्हटलं. "ड्रीपरचं तोंड क्षारानं बंद झालं आणि मागून दाब चालूच राहिला तर काय होतं?" नळी दुसरीकडे फुटते, मी म्हणालो. "तसंच. केसाच्या मुळाची पिशवी असते, तिचं तोंड कातडीच्याच थरानं बुजतं. पिशवी फुगते आणि आतल्या आत फुटते. आतला माल आजूबाजूला सांडला की शरीराला वाटतं परका शिरला, आणि ते सगळी फौज तिथं पाठवतं. फौज एकदा आली की परत जायचं नाव घेत नाही. जंतू नंतर येऊन बसतात, पण सुरुवात त्यांनी केलेली नसते. घाणीमुळे होत नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दोन वर्षांपासून मी वेगळ्या खोलीत झोपत होतो. माझे बनियन मीच धूत होतो. पोरगा गळ्यात पडायला आला की त्याला लांब करत होतो. पुवाला वास येतो, आणि त्या वासाची इतकी धास्ती बसली होती की नात्यातल्या लग्नांना बायकोला एकटीलाच पाठवायचो.

गंमत नव्हे, पण नोंदवण्यासारखी गोष्ट म्हणजे रोगाचं नावच चुकीच्या समजुतीतून आलंय. १८५४ मध्ये व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच सर्जननं त्याला घामाच्या ग्रंथींचा दाह असं नाव दिलं. पुढे कळलं की मूळ केसाच्या पिशवीत आहे. नाव तेच राहिलं. आमच्या आजीच्या पिढीकडे दुसरा एक शब्द होता, केसतोड. केस मुळाशी तुटून आलेलं गळू. त्या शब्दात केस होता, घाम नव्हता.

मॅडमनी माझा टप्पा सांगितला. हर्ली नावाची मोजणी आहे, तिच्यात तीन टप्पे. पहिल्यात सुटी गळवं, दुसऱ्यात लांब लांब अंतरावर व्रण आणि बोगदे, तिसऱ्यात सगळा भाग आतून बोगद्यांनी जोडलेला. माझी डावी काख तिसऱ्यात, उजवी आणि जांघा दुसऱ्यात. मग त्या जे बोलल्या ते मला त्या दिवशी नीट समजलं नाही, पण आज सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "औषधानं दाह शमतो. एकदा बनलेला बोगदा औषधानं बुजत नाही." म्हणजे २०१३ किंवा २०१४ मध्ये, जेव्हा सुटी गळवं होती, तेव्हा कुणी ओळखलं असतं तर माझी डावी काख आज वेगळी असती.

पहिले तीन महिने डॉक्सिसायक्लिनची गोळी आणि लावायला क्लिंडामायसिन. ही गोळी जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्यासाठी, असं सांगितलं होतं. सोबत सिगारेट बंद. मी दिवसाला सहा-सात ओढत होतो. या रोगाचं आणि धूम्रपानाचं, तसंच वजनाचं, जवळचं नातं आहे. वजन शहाण्णव किलो होतं. सिगारेट सुटली, वजन हळूहळू उतरू लागलं, पण गळवं येतच राहिली. नोव्हेंबरात मॅडमनी बायोलॉजिकचा विषय काढला.

बायोलॉजिक म्हणजे रसायनाची गोळी नव्हे. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिन. गोळी करून दिली तर पोटात पचून जाईल, म्हणून सुईच. मला सुचवलेलं औषध अडालिमुमॅब. शरीराची फौज एकमेकांना ज्या निरोप्यांमार्फत हाका मारते, त्यांतला एक टीएनएफ अल्फा. हे औषध त्या निरोप्याला वाटेतच धरून ठेवतं. २००२ साली ते अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झालं आणि २०१५ मध्ये आमच्या या रोगासाठी. या रोगासाठी तिथं मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. आपल्याकडे त्याची बायोसिमिलर, म्हणजे त्याच नमुन्यावर बनवलेली प्रत मिळते. अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं आणली. ती नसती तर माझ्यासारख्या तीन एकरवाल्यानं या औषधाचं नावही काढलं नसतं.

मी विचारलं, बरा होईन का? मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पायोनियर नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे आकडे त्यांनी कागदावर मांडले. बारा आठवड्यांनी गळवं आणि गाठी निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाल्या, आणि नवा वाहता बोगदा नाही, फुगलेली गळवंही वाढली नाहीत, तर यश मानायचं. एका चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४१.८ टक्के लोकांना असं यश आलं, दुसरीत ५८.९ टक्के. नुसतं पाणी टोचलेल्यांत २६ आणि २७.६ टक्के. "म्हणजे साधारण निम्म्यांना चांगला फायदा. तुम्ही त्या निम्म्यांत असाल की नाही, हे घेतल्याशिवाय कळत नाही. आणि घेत राहिलात तर फायदा राहतो. हे मुळापासून बरं करणारं नाही." बागायतदाराला हा हिशेब समजतो. पन्नास टक्क्यांच्या भरवशावर आम्ही दरवर्षी ऑक्टोबरात छाटणी करतोच.

सुई मात्र लगेच मिळाली नाही, आणि या थांबण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अनेक जण इथंच कंटाळून सोडतात. टीएनएफ हा निरोप्या फक्त माझ्या काखेत आग लावत नाही. क्षयाचा जंतू फुफ्फुसात कोंडून ठेवण्याचं कामही तोच करतो. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला असतो, त्यांना काहीही त्रास नसतो. निरोप्याला धरलं की पहारा उठतो आणि झोपलेला जंतू जागा होतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयासाठी इग्रा ही रक्ततपासणी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, रक्तगणना, यकृत. माझी इग्रा पॉझिटिव्ह आली.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आईला वाटलं टीबी झाला. माझ्या काकांना झाला होता, आई म्हणाली, याच घरात. मॅडमनी छातीचं सीटी करून घेतलं, ते स्वच्छ निघालं. आजार नाही, झोपलेला जंतू आहे, असा निर्वाळा मिळाला. मग आयसोनियाझिडची गोळी सहा महिने, रोज, सोबत बी-सिक्स. अशा लोकांसाठी प्रतिबंधक गोळ्या सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. मलाही तशाच मिळाल्या. किमान एक महिना गोळ्या पोटात गेल्याशिवाय बायोलॉजिक सुरू करायचं नाही. डिसेंबर असा गेला. थिनिंगचे दिवस, काखेत दोन गळवं ठसठसतायत, औषध मंजूर झालंय आणि हातात येत नाही. मला राग येत होता. आज वाटतं, तो महिना थांबायला लावणारा डॉक्टर मिळाला हे माझं नशीब. घाईनं सुई देणारा मिळाला असता तर काखेऐवजी फुफ्फुसाची गोष्ट लिहीत बसलो असतो.

पैशांचं लिहायलाच हवं. छापील किंमत एक, आणि कंपनीच्या रुग्णसहाय्य योजनेत मिळणारी किंमत दुसरी, बरीच कमी. ही योजना असते हेच अनेकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. तरीसुद्धा माझ्या हिशेबात एक सुई म्हणजे दोन-सव्वादोन क्विंटल द्राक्षं. आठवड्याला एक सुई. वर्षाचा हिशेब केला तर एका एकराचं अख्खं पीक आणि वर थोडं. माझा आरोग्यविमा होता. मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या इंजेक्शनांसारखे (माझी सुई त्यातलीच) आधुनिक उपचार विम्यातून सरसकट वगळू नयेत, असं विमा नियामकानं २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. पण माझ्या विमा कंपनीनं पहिला दावा फेटाळला, कारण मी दवाखान्यात दाखल न होता सुई घेतली होती. दोनदा पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, दोन नंबरचा प्लॉट तुमच्या औषधाचा समजा, आणि विषय संपवा." तेव्हापासून घरात त्या प्लॉटला औषधाचा प्लॉट म्हणतात.

१२ जानेवारी २०२३, गुरुवार. पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसच्या चार सुया. दवाखान्यातच घेतल्या, पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, दोन डाव्या बाजूला, दोन उजव्या. आधी सिरिंज फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवतात, गार औषध जास्त झोंबतं. तरी झोंबलंच. पंधराव्या दिवशी ८० मिलिग्रॅम, तो दिवस २६ जानेवारीचा होता. पोरगा शाळेतून झेंडावंदन करून आला आणि शेजारी बसून दोन्ही सुया मोजल्या. एकोणतिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला एक. तोपर्यंत बायकोनं सिस्टरकडून शिकून घेतलं होतं. कातडी चिमटीत धरायची, सुई तिरकी घालायची, दट्ट्या हळू दाबायचा, गेल्या वेळची जागा सोडायची. ती शिवणकाम करते, तिचा हात स्थिर आहे. वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या नवऱ्याच्या पोटाला दर गुरुवारी हात लावायची वेळ तिच्यावर आली, आणि महिनाभरात मी परत आमच्या खोलीत झोपायला आलो. या औषधाचा हा परिणाम कुठल्या पत्रकावर छापलेला नाही.

औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आमच्या भागात वादळी पावसात लाईट गेली की सात-आठ तास येत नाही. त्या जूनमध्ये रात्री अशीच गेली. फ्रिजमध्ये चार सुया, म्हणजे नऊ क्विंटल द्राक्षं. मनात आलं, आमच्या गटाचं कोल्ड स्टोरेज आहे, जनरेटर आहे, तिथं ठेवून यावं. गाडी काढलीही होती. मग आठवलं, द्राक्षांच्या खोलीत तापमान शून्याच्या आसपास असतं आणि हे औषध एकदा गोठलं की फेकून द्यावं लागतं. परत फिरलो. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर सुया, आत तापमान बघायला माझा शेतातला थर्मामीटर. रात्रभर दर तासाला बघत बसलो. पहाटे चारला लाईट आली.

आता परिणाम. पहिल्या चार आठवड्यांत मला तरी काही कळलं नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात काढणी चालू होती आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभर कॅरेट उचलूनही बनियन कोरडा आहे. निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, मात्रा डायरीत लिहावी लागते. त्याच डायरीच्या मागच्या पानांवर मॅडमनी मला मोजणी लिहायला लावली होती. गाठी आणि गळवं किती, वाहते बोगदे किती, दुखणं दहापैकी किती. सुरुवातीला चौदा, तीन आणि आठ. ६ एप्रिलला, बारा आठवडे झाले त्या दिवशी, पाच, दोन आणि तीन. मॅडमनी आकडे पाहिले, स्वतः पुन्हा मोजलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या निम्म्यांत आहात." मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होतो.

पण दोन बोगदे वाहतच होते. दुखणं कमी, पाझरणं चालू. आधी सांगितलेलं वाक्य तेव्हा खऱ्या अर्थानं समजलं. बोगद्याच्या आत स्वतःची कातडी तयार झालेली असते, ती कुणा निरोप्याच्या हाकेवर अवलंबून नसते. त्याला कापणंच उपाय, पण पूर्वीसारखी नुसती चीर नव्हे. डीरूफिंग म्हणतात, छत काढणं. जुलैमध्ये, बागेत काम कमी असताना, ते केलं. जागा बधिर करून सर्जन बोथट सळई बोगद्याच्या तोंडातून घालतात, ती जिकडे जिकडे जाते तिकडचं वरचं छत कापून काढतात, आतली घाण खरवडतात आणि तळ तसाच उघडा ठेवतात. टाके नाहीत. जखम खालून वर भरत येते. डाव्या काखेत उघडी जखम बघून बायको हादरली, मीही हादरलो. भरायला सहा आठवडे लागले. सुया त्या काळात बंद करायला मॅडमनी सांगितलं नाही. सात वेळा चीर दिलेली ती जागा त्यानंतर पुन्हा उघडलेली नाही. तेव्हा कळलं की अकरा वर्षं आम्ही बोगद्याला खिडकी पाडत होतो आणि ती बुजू देत होतो.

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. ऑक्टोबरात फळछाटणीच्या धावपळीत ताप आला, खोकला झाला. या औषधावर असताना ताप आला तर सुई थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे मला पढवलेलं होतं. क्षयाच्या गोळ्या पूर्ण झालेल्या असल्या तरी पुन्हा एक्स-रे काढला. साधा संसर्ग निघाला, पण दोन सुया हुकल्या आणि तिसऱ्या आठवड्यात जांघेत तीन गाठी उभ्या राहिल्या. तेव्हा ही सुई किती भार पेलते आहे ते दिसलं. जिवंत जंतूंच्या लशी घ्यायच्या नाहीत, हेही पाळावं लागतं. काही वेळा टोचल्याजागी लाल चकंदळ उठतं, दोन दिवसांत जातं.

गावातले लोक विचारतात, तेव्हा मी शर्टाची बाही वर करून व्रण दाखवतो. पहिल्यांदा अवघड गेलं. पण दाखवल्यावर दोघं जण, एक आडगावचा ट्रकचालक आणि एक आमच्याच भावकीतली मुलगी, नंतर एकांतात येऊन म्हणाली, मलाही असंच होतं. मुलगी एकोणीस वर्षांची आहे. वर्षभरापासून येतंय, सुटी गळवं, अजून बोगदा नाही. तिच्या आईनं दोन उन्हाळे सब्जा पाजला होता. मी त्यांना स्वतः गाडीत घालून गंगापूर रोडला घेऊन गेलो. ती पहिल्या टप्प्यात आहे. गोळ्यांवरच भागतंय, सुईची गरज पडलेली नाही. त्या पोरीच्या काखेत व्रण नाही, हे ऐकून मला जितकं बरं वाटलं तितकं माझे स्वतःचे आकडे ऐकूनही वाटलं नव्हतं.

गेल्या काही महिन्यांत माझा आकडा पुन्हा थोडा चढतोय. काही जणांत शरीर या प्रथिनालाच परकं मानून त्याच्या विरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं आणि औषध बोथट होतं. माझं तसंच झालंय का, ते अजून ठरायचंय. मॅडमनी सेक्युकिन्युमॅबबद्दल सांगितलं. ते टीएनएफला सोडून आयएल-१७ नावाच्या दुसऱ्या निरोप्याला धरतं, आणि अमेरिकेत या रोगासाठी ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं. म्हणजे मी सुया सुरू केल्या तेव्हा तिथं एकच औषध मंजूर होतं, वर्ष सरायच्या आत दुसरं आलं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात बिमेकिझुमॅब हे तिसरं. बदलायचं की नाही ते पुढच्या मंगळवारी ठरेल. येताना डायरी घेऊन या, असं त्यांनी बजावलंय.

आत्ता ती समोर उघडी आहे. पुढच्या बाजूनं शेवटची नोंद: प्लॉट दोन, फळछाटणी पूर्ण, काडीला पेस्ट लावली. मागच्या बाजूनं: गुरुवार, सुई उजव्या बाजूला. डावी काख शून्य. उजवी काख एक. जांघ दोन. वाहतं काही नाही. दुखणं दोन. दिवसभर हात वर.